उत्क्रांतीचा धडा आणि आपला विश्वास

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी व उपदेशकांसाठी पाठ)

वाचावयाचे उतारे: उत्पत्ती, अध्याय १ व २, स्तोत्र १०४, स्तोत्र १३९:१३–१६, प्रेषितांची कृत्ये १७:२२–२८, रोमकरांस पत्र ५:१२–२१.

सन २०१८ च्या जानेवारी महिन्यात आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक वैदिक संमेलन भरले होते. त्या प्रसंगी केंद्र सरकारचे तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी असे विधान केले की, डार्विनची उत्क्रांतीची उपपत्ती शास्त्रदृष्ट्या चुकीची आहे. वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, आपल्या पूर्वजांनीही तसे कोठे सांगितलेले नाही. यास्तव शाळा-कॉलेजांतील शिक्षणात बदल झाला पाहिजे. या विधानावर देशभर चर्चा झाली. भारतातील विज्ञानाच्या तीन प्रमुख अकादमींनी एकत्र पत्रक काढून सांगितले की, या म्हणण्यास शास्त्रीय आधार नाही. पुढे २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्याच्या दहावीच्या ज्या विज्ञानाच्या पुस्तकाचा वापर २०१८ साली सुरू झाला, त्याच्या दुसऱ्या भागातील पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती यांविषयीचा होता.

हा वाद ख्रिस्ती लोकांनी उभा केला नव्हता. तरी तो आमच्या मंडळीच्या दारापर्यंत येतोच. उपदेशकाचा मुलगा दहावीत जातो. दिवसा शाळेत तो धडा वाचतो आणि रात्री घरच्या प्रार्थनेत उत्पत्तीचा पहिला अध्याय ऐकतो. मग तो विचारतो, "या दोहोंत खरे कोणते?" कोणी वडील मनुष्य लगेच उत्तर देतो, "शास्त्र धर, पुस्तक सोड." त्या वडिलांचा हेतू चांगला आहे यात संशय नाही. परंतु ज्या मुलाला आपण अशी निवड करावयास लावतो, तो बहुधा पुस्तक सोडीत नाही. तो मंडळी सोडतो. म्हणून ती निवड मुळात खरी आहे काय, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. उत्क्रांती म्हणजे काय?

जी गोष्ट आपण स्वीकारावयाची किंवा नाकारावयाची, ती आधी नीट समजून घेतली पाहिजे. चार्ल्स डार्विन या इंग्रज सृष्टिशास्त्रज्ञाने १८५९ साली आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील विचार शेतकऱ्याला समजण्यास कठीण नाही. एका आईबापाची सर्व लेकरे सारखी नसतात. कोणी काटक असते, कोणी नाजूक. रानात जितकी पिले जन्मतात तितकी जगत नाहीत. ज्यांच्या अंगी त्या ठिकाणी उपयोगी पडणारा एखादा गुण असतो, ती अधिक संख्येने वाचतात, आणि तो गुण त्यांच्या पिलांत उतरतो. पिढ्यांमागून पिढ्या असे होत गेले म्हणजे त्या जातीचे रूप पालटते. शेतकरी ज्वारीची भरदार कणसे निवडून बियाण्यास ठेवतो तेव्हा तोही असेच करतो. भेद इतकाच की, शेतात निवड शेतकरी करतो आणि रानात ती परिस्थितीमुळे होते.

आईबापांचा गुण लेकरांत कोणत्या नियमाने उतरतो, हे मात्र डार्विनला उमगले नव्हते. तो नियम ग्रेगोर मेंडेल या ख्रिस्ती मठवासी धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे लावून शोधून काढला, आणि त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला.

"पण बदल होताना कोणी पाहिला आहे?" असा प्रश्न उठतो. त्याचे एक उत्तर आपल्या मराठवाड्याच्या कापसाच्या शेतातच आहे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्या झाडातच बोंडअळीला मारणारा पदार्थ तयार होतो. आरंभी अळ्या मरत असत. परंतु कोट्यवधी अळ्यांत ज्या थोड्यांना ते विष सोसण्याची शक्ती जन्मतःच होती, त्या वाचल्या. त्यांचीच प्रजा वाढली. आणि २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने मराठवाड्यात व विदर्भात उभे पीक पोखरून टाकले. ज्या शेतकऱ्याचा कापूस त्या वर्षी गेला, त्याने या नियमाचे काम आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

कोणी म्हणेल, "अळी पालटली, तरी ती अळीच राहिली." हे म्हणणे बरोबर आहे, पंधरा वर्षांत याहून अधिक दिसावयाचे नाही. मोठ्या पालटांना लक्षावधी वर्षे लागतात, आणि त्यांचा पुरावा दगडांत सापडतो. कच्छमध्ये प्राचीन देवमाशांचे असे जीवाश्म मिळाले आहेत की, त्या प्राण्यांना पाय होते. रात्री चोर आला तेव्हा कोणी पाहिले नसले, तरी माग काढणारा मनुष्य धुळीतील पावलांवरून तो कोठून आला व कोठे गेला हे सांगतो. जीवाश्म हीही तशीच पावले होत.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आज झाडावर दिसणाऱ्या माकडाचा माणूस झाला, असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. चिंपांझी व मनुष्य यांचे पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एक होते आणि पुढे त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे चिंपांझी हा आपला आजा नव्हे. फार तर तो दूरचा चुलत भाऊबंद म्हणावा.

२. आपल्या पायांखालचा कातळ

पृथ्वी किती जुनी आहे, हे पाहण्यास परदेशी जावे लागत नाही. वेरूळची व अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, आणि दौलताबादचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, तो कातळ एके काळी तापलेला रस होता. जमिनीला भेगा पडून तो वर आला, पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्यांसारखे थर दिसतात. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. खालचा कातळ उन्हापावसाने झिजून त्याची माती झाली आणि तिच्यावर नवा रस येऊन पसरला, याची ती खूण आहे. कातळाची माती होण्यास किती काळ लागतो, हे विहीर खणणाऱ्या मनुष्यास सांगावयास नको.

खडकांतील काही मूलद्रव्ये ठरलेल्या गतीने पालटत असतात. घटिकापात्रात किती पाणी शिरले यावरून जशी वेळ कळते, तसे त्या द्रव्यांचे प्रमाण मोजून खडकाचे वय कळते. त्या मोजणीने दख्खनच्या या कातळाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे येते.

पैठणजवळ गोदावरीच्या काठी मुंगी नावाचे गाव आहे. तेथील जुन्या वाळूगोट्यांच्या थरात भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे वाइन यांना १८६५ साली अकीक दगडाची एक छिलका सापडली. ती मनुष्याच्या हाताने काढलेली होती. आणि जे प्राणी आज पृथ्वीवर उरलेले नाहीत, त्यांची हाडेही तशाच थरांत होती. म्हणजे पैठण नगरी वसण्यापूर्वी फार फार काळ आधी गोदातीरी माणूस हत्यारे घडवीत होता.

या दगडांचा अभ्यास देवाच्या शत्रूंनीच केला, असे कोणी समजू नये. नागपुरास १८४५ साली आलेले स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे उपदेश करीत, शाळा चालवीत आणि प्रवासात खडक तपाशीत. त्यांनी व त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळ टाकळी येथे कातळाच्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातील शंख, फळे व बिया शोधून काढल्या, आणि त्यांची माहिती लंडनच्या भूगर्भशास्त्रमंडळास कळविली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे त्यांना प्रचंड प्राण्यांची हाडे मिळाली. त्याच पिसदुऱ्याला डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ साली भारतीय शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म कण ओळखले. आपल्या भाताचे दूरचे नातलग त्या काळीही उगवत होते, असे त्यावरून कळले. हिस्लॉपसाहेब ४ सप्टेंबर १८६३ रोजी, प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना, नदीला आलेल्या पुरात बुडून मरण पावले. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे. त्यांनी एका हाती शास्त्र व दुसऱ्या हाती हातोडा धरला होता, आणि दोहोंपैकी एकही टाकला नाही.

३. पवित्र शास्त्र आपणांस काय शिकविते?

पवित्र शास्त्र खरे आहे, ही आपली श्रद्धा आहे. परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे आपण विचारतो काय? उत्पत्तीचा पहिला अध्याय लक्षपूर्वक वाचा. सूर्य चौथ्या दिवशी आला. मग त्यापूर्वीचे तीन दिवस कोणत्या सूर्याने मोजले? हे दिवस आपल्या पंचांगातील दिवस नव्हेत, याची सूचना अध्यायातच आहे. पुढे वचन ११ व २४ पाहा. देव वनस्पती व पशू उपजविण्याची आज्ञा भूमीला करतो. म्हणजे देव साधनांच्या द्वारे काम करतो, हे तेथेच शिकविले आहे.

सूर्य, चंद्र व समुद्रातील प्रचंड प्राणी यांना आसपासची राष्ट्रे देव मानून नमत असत. त्या वेळी हा अध्याय इस्राएलास सांगतो की, हे देव नव्हेत. ही एकाच देवाची कृती आहे आणि ती चांगली आहे. कोणी केले व कशासाठी केले, हे शास्त्र सांगते. कसे झाले व किती काळ लागला, हे खडक सांगतात.

ही समजूत नवी नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन, जो ४३० साली मरण पावला, त्याने उत्पत्तीवर लिहिताना ख्रिस्ती लोकांस इशारा दिला की, आकाश व पृथ्वी यांविषयी अविश्वासी लोकांस जे पक्के ठाऊक आहे, त्याविषयी शास्त्राच्या नावाने असमंजस बोलू नका; नाहीतर पुनरुत्थानाविषयी आपले म्हणणे ते कसे ऐकतील? सुधारक कॅल्व्हिन यानेही म्हटले की, मोशेने सामान्य माणसास दिसते त्या रीतीने लिहिले. ज्यास ज्योतिर्विद्या शिकावयाची असेल त्याने दुसरीकडे जावे. हे दोघेही डार्विनच्या शेकडो वर्षे आधीचे आहेत. तेव्हा डार्विनच्या भीतीने अर्थ बदलला, असा आरोप त्यांच्यावर करता येत नाही.

याचा अनुभव आपल्या घरातही आहे. स्तोत्र १३९ मध्ये भक्त म्हणतो की, आईच्या उदरात देवाने त्याला घडविले. गर्भ नऊ महिन्यांत क्रमाक्रमाने कसा वाढतो, हे सुईणीला ठाऊक आहे आणि डॉक्टरला अधिक ठाऊक आहे. म्हणून हे स्तोत्र खोटे झाले, असे कोणी म्हणतो काय? प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर देवाजवळ मागतो. ती आकाशातून पडत नाही. ज्वारी पेरावी लागते, निंदावी लागते, कापावी लागते. तरी ताटावर बसून आपण उपकारस्तुती देवाचीच करतो. जो देव नऊ महिन्यांत एक बालक घडवितो, त्याने कोट्यवधी वर्षांत जीवसृष्टी घडविली तर त्याचा महिमा कमी होतो काय?

डार्विनचा स्वतःचा विश्वास पुढे मावळला, हे लपवू नये. तरी १८७९ साली एका पत्रात त्यानेच लिहिले की, मनुष्य देवाला मनापासून मानणारा असूनही उत्क्रांती मानणारा असू शकतो, याविषयी त्याला शंका नाही. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा डार्विनचा स्नेही व पुरस्कर्ता असून निष्ठावान ख्रिस्ती होता. मानवी जनुकांचा नकाशा तयार करण्याचे जे मोठे काम २००३ साली पुरे झाले, त्याचे अमेरिकेतील प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हेही आपला ख्रिस्तावरील विश्वास उघडपणे सांगतात.

४. माणसाची योग्यता कोठून येते?

पुष्कळांचे मन येथे अडखळते. "आपले पूर्वज पशू होते असे मानले, तर माणसाची थोरवी कोठे राहिली?" असे ते विचारतात. या प्रश्नाचा विचार आमच्या मंडळ्यांइतका कोणी खोलवर करावयास नको, कारण पूर्वजांवरून माणसाची किंमत ठरविण्याची रीत काय असते, हे आमच्या आज्यापणज्यांनी सोसले आहे. फ्री चर्चचेच पाळक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. ते स्वतः ब्राह्मण कुळात जन्मलेले होते. पण तेथे ज्यांना घर मिळाले त्यांतील बहुतेक लोक गावकुसाबाहेर ठेवलेल्या मातंग व महार घराण्यांतील होते. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकविले गेले होते की, तुमचे मूळ हलके म्हणून तुम्ही हलके.

शुभवर्तमानाने त्यांना उंच कुळाची वंशावळ दिली नाही. देवाने तुला आपल्या प्रतिरूपाचा केला आणि ख्रिस्त तुझ्यासाठी मेला, हे त्यांना सांगितले. मग ज्यांनी कुळाचा अभिमान सोडून ख्रिस्त धरला, त्यांनीच आता "आमचे कुळ थोर नसेल तर आमची योग्यता गेली" असे म्हणावे काय? शास्त्र तर माणसाचे मूळ पशूहूनही खाली नेऊन ठेवते. ते म्हणते की माणूस मातीचा आहे. इब्री भाषेत 'आदाम' हा शब्द भूमीवाचक 'अदामा' या शब्दाशी जोडलेला आहे. ज्याला मातीची लाज वाटत नाही, त्याला मातीपासून आपल्यापर्यंतच्या लांब वाटेची लाज वाटण्याचे कारण नाही. माणसाची योग्यता तो कशापासून झाला यात नाही. देवाने त्याला कशासाठी बोलाविले यात आहे.

पौलाने अथेनैकरांस सांगितले की, सर्व राष्ट्रे एकाच मुळापासून झाली. जनुकांचा अभ्यास करणारेही म्हणतात की, कोणतीही दोन माणसे घेतली तरी त्यांच्या जनुकद्रव्याचा सुमारे ९९.९ टक्के भाग सारखाच असतो, आणि आजची सर्व मनुष्यजात आफ्रिकेतील पूर्वजांची संतती आहे. कोणाचे रक्त शुद्ध व कोणाचे अशुद्ध, या म्हणण्यास ना शास्त्रात आधार सापडतो, ना विज्ञानात.

५. अवघड प्रश्न

सर्व प्रश्न सुटले, असे उपदेशकाने भासवू नये. दोन प्रश्न विशेष जड आहेत.

पहिला प्रश्न आदामाचा. जनुकांवरून असे दिसते की, मनुष्यजातीचा आरंभ एकाच जोडप्यापासून न होता हजारो माणसांच्या समूहापासून झाला. मग रोमकरांस पत्र ५ यातील आदाम कोण? काही विश्वासू अभ्यासक म्हणतात की, देवाने त्या आरंभीच्या लोकांतून एकाला सर्वांचा प्रतिनिधी म्हणून बोलाविले, आणि त्याने अवज्ञा केली. दुसरे म्हणतात की, आदामाची कथा प्रत्येक मनुष्याची कथा आहे. यांपैकी कोणते बरोबर, यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत, आणि मतभेद असूनही ते एकाच मेजाभोवती प्रभुभोजन घेऊ शकतात. माणूस पापी आहे आणि त्याला तारणारा पाहिजे, हे मात्र दोघेही मानतात; आणि ते सिद्ध करावयास जुनी हाडे लागत नाहीत, आपले अंतःकरण पुरे आहे.

दुसरा प्रश्न मरणाचा. माणूस होण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे प्राणी मरत होते, हे जीवाश्मांवरून उघड आहे. पण स्तोत्र १०४ पाहा. तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात, आणि भक्त त्यास पापाचे फळ म्हणत नाही. ते देवाजवळ अन्न मागतात, असे तो म्हणतो. पौल ज्या मरणाविषयी बोलतो ते मनुष्याचे, देवापासून दूर झालेल्या पाप्याचे मरण आहे. तरी सृष्टीत इतके दुःख का, हा प्रश्न उरतोच. ईयोबाने तो डार्विनच्या फार पूर्वी विचारला होता.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही लोकांनी उत्क्रांतीतून "बळी तो कान पिळी" हाच जगाचा कायदा आहे, असा अर्थ काढला. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत दुर्बळांना व परक्या वंशांना चिरडण्यास हे निमित्त पुढे करण्यात आले. विज्ञान रानात काय घडते हे सांगते. माणसाने कसे वागावे हे ते ठरवीत नाही. तसेच, "उत्क्रांती खरी, म्हणून देव नाही," असे जो म्हणतो, तोही विज्ञानाच्या कुंपणाबाहेर गेला. त्याला उत्तर द्यावे. पण त्याच्यासाठी अळीचा व कातळाचा पुरावा नाकारू नये. ज्याने बलवानांच्या हातून वधस्तंभ सोसला व दुर्बळांस जवळ केले, त्या प्रभूचे आपण अनुयायी आहो. आपले वागणे त्याच्यावरून ठरते.

६. उपदेशकांस सूचना

मुलाने हा प्रश्न विचारला तर त्याला अविश्वासी म्हणू नका. त्याचे पुस्तक मागून घ्या आणि तो धडा स्वतः वाचा. जे आपण वाचले नाही त्याविरुद्ध व्यासपीठावरून बोलू नका. देवाचा बचाव करण्यासाठी खोट्याचा आधार घेऊ नका. ईयोबाच्या मित्रांनी देवाच्या वतीने जे बोलले ते यथार्थ नव्हते, म्हणून देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. आणि ज्या वडील मंडळींना हे पटत नाही, त्यांचा उपहासही करू नका. त्यांना ख्रिस्ताची आवड आहे, म्हणूनच ही भीती वाटते. त्यांना सवड द्या.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न:

१. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव भूमीला कोणती आज्ञा करतो? त्यावरून देवाच्या काम करण्याच्या रीतीविषयी काय कळते?

२. आपल्या गावाच्या विहिरीत किंवा नाल्याच्या काठावर मातीचे व खडकाचे कोणते थर दिसतात? मुलांस नेऊन दाखवा.

३. माणसाची किंमत कुळावरून ठरविण्याची सवय आपल्या मंडळीत अजून कोठे उरली आहे? सोयरीक जुळविताना, पंगतीत, की पंच निवडताना?

तिसऱ्या प्रश्नावर अधिक वेळ द्यावा. माकड आपले नातलग आहे की नाही, यावर तासभर वाद घालणे सोपे आहे. शेजारच्या आळीतील विश्वासी मनुष्य आपला भाऊ आहे की नाही, याचे उत्तर आपल्या वागण्यातून द्यावे लागते, आणि आपली मुले तेच पाहत असतात.